साहेबांचीसुद्धा खुर्ची

बसचा संप काही मिटत नव्हता. बस कंपनीचे साहेब दाताच्या दवाखान्यात गाल धरून बसले होते. शेजारी एक आजोबा आणि गणवेशातली नात.

"आजोबा, आज बाईंनी वर्गात बसचा संप खेळायला लावला. मी ड्रायव्हरांची पुढारी!"

"काय मागितलंस?"

"जेवायला अर्धा तास. साहेबांचा गट म्हणाला, नाही. मग बाईंनी गट बदलले आणि मला साहेब केलं."

"मग दिलास ना?"

"छे! मीपण नाहीच म्हणाले."

"अगं, मागणी तुझीच ना?"

"हो, पण खुर्चीत बसलं की तोंडात आपोआप 'नाही' येतं."

"म्हणजे गाडं अडलंच म्हण की!"

"कुठलं! बाईंनी सगळ्यांच्या खुर्च्या काढून घेतल्या. पाय दुखायला लागले आणि मधल्या सुट्टीआधीच संप मिटला."

साहेबांनी गालावरचा हात काढून ऑफिसला फोन लावला.

"उद्याच्या बैठकीतल्या खुर्च्या उचलून ठेवा. हो, माझीसुद्धा."