अर्जात नसलेले सोने

(तहसील कचेरीबाहेर बसणाऱ्या एका अर्जनविसाचे कथन)

माझे मूळ गाव अलिबागपासून आत, डोंगराच्या पायथ्याशी, खाचरांचे. समुद्र आमच्याकडून दिसत नाही, वारा फिरला की खारा वास तेवढा येतो. आम्ही भातवाले. घरात अक्षर ओळखणारा मी पहिला, आणि मीही नववीपर्यंतच, कारण त्या वर्षी वडील गेले आणि बैलांमागे कोणीतरी चालायला हवे होते. पण अक्षर माझे असे की शाळा सुटल्यावरही गुरुजी फळ्यावर सुविचार लिहायला मला बोलावून नेत. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही, तुम्ही विचारलेत म्हणून सांगतो. पुढे अलिबागला कचेरीबाहेर एका वृद्ध अर्जनविसाच्या हाताखाली बसलो, ते वारल्यावर टेबल माझ्याकडे आले, आणि त्याच टेबलाशी मी आजही बसतो. लग्न झाले तेव्हा आईने आपल्या हातातल्या दोन पाटल्या काढून आमच्या मंडळींच्या हातात घातल्या, कडेला भाताच्या लोंब्यांची नक्षी असलेल्या; ती घडण आमच्याच बाजूला होत असे, आता करणारा सोनार राहिला नाही. असो, मी कुठे होतो?

अर्जाविषयी सांगत होतो. आता सगळे संगणकावर झाले, पण काय मागायचे आणि कोणत्या शब्दांत मागायचे, हे संगणक सांगत नाही. माझा एक नियम आहे, आणि तो मी प्रत्येक अर्जदाराला सांगतो, की अर्जात जे लिहिले आहे ते अंगावर दिसले पाहिजे. निराधार योजनेसाठी येणाऱ्या बाईने नवे लुगडे नेसू नये, सवलत मागणाऱ्याने हातात मोठा मोबाईल धरू नये. साहेब कागद नंतर वाचतो, आधी माणूस वाचतो. या नियमाने मी कित्येकांची कामे केली आहेत, आणि याच नियमाने रंजनाबाईचे काम बुडत होते.

रंजनाबाई थळची कोळीण. अलिबागच्या बाजारात मासळी विकायला बसते, आणि उरलेसुरले कधी आमच्या घरी टाकून जाते, त्यामुळे मंडळींची आणि तिची ओळख माझ्याआधीची. नवऱ्याची स्वतःची होडी होती, ती खडकावर आपटून फुटली, दुरुस्तीत रंजनाबाईच्या अंगावरचे होते नव्हते ते सोने गेले आणि होडी काही पुन्हा पाण्यात उतरली नाही. आता तो दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी आहे. मुलगी सानिका, किहीमच्या रस्त्यावरच्या एका खाजगी इंग्रजी शाळेत. शाळेचे नाव मी सांगत नाही, तुम्हीही लिहू नका. मुलगी तेव्हा नववीत होती आणि फी थकली होती. शाळेने कळवले, की फीसवलतीचा अर्ज करा, समिती भेटीला बोलावील, समितीने नाही म्हटले तर दाखला घेऊन जा.

रंजनाबाई माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, दादा, पोरीला आता दुसरे शालेन टाकली तर ती शिकाची न्हाय, मी तिला वलखतंय, ती सुकी मासली वालत घालाला जाईल नि तितंच ऱ्हाईल. मी म्हटले, रंजनाबाय, अर्ज मी लिहितो म्हटल्यावर तुम्ही निश्चिंत असा. उत्पन्नाचा दाखला लावला, होडीचा पंचनामा लावला, आणि माझ्या हाताने वाक्य लिहिले, की अर्जदाराच्या घरी अथवा अंगावर कोणतेही सोने शिल्लक नाही. ते वाक्य मी तिला वाचून दाखवले. ती म्हणाली, बरोबर हाय.

भेटीच्या दिवशी मी रिक्षा थांब्यावर उभा होतो. अर्जदाराबरोबर मी सहसा जात नाही, पण मंडळींनी सांगितले होते, म्हणून गेलो. आणि काय सांगू तुम्हाला, मायलेकी समोरून आल्या. मुलगी गणवेशात, आणि आई गळाभर सोन्यात. गळ्यात सरी, त्याखाली मोहनमाळ, कानांत जड कुड्या, हातांत पाटल्या. हळदीला निघाल्यासारखी. मला वाटले, ही बाई माझ्याशी खोटे बोलली, आणि माझ्या अक्षरात खोटे लिहवून घेतले. मी रिक्षात बसताच म्हटले, हे सगळे काढा, रुमालात बांधा, माझ्या पिशवीत द्या. ती म्हणाली, न्हाय काडाची. मी म्हटले, अर्ज फेटाळतील. ती म्हणाली, मोकल्या गल्यान मी कुनाचे दारान मागाला जात न्हाय, आमचे पालीत तसा जात न्हाईत. पाली म्हणजे त्यांची गल्ली. आणि ती बाहेर बघत राहिली. मुलगी काहीतरी बोलणार होती, तिच्या गुडघ्यावर आईने हात ठेवला. नारळाच्या वाड्या मागे जात होत्या आणि मी मनात नवे वाक्य जुळवत होतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला ते जुळत नव्हते.

समितीच्या खोलीत मुख्याध्यापिका मॅडम आणि संस्थेचे एक वयस्कर शेठ. मला म्हणाले, तुम्ही कोण? मी म्हटले, अर्ज माझ्या हातचा आहे. शेठ म्हणाले, मग तुम्ही दाराशी उभे राहा, बोलायचे अर्जदाराने. मी उभा राहिलो. शेठनी अर्ज वाचला, चष्म्यावरून रंजनाबाईकडे पाहिले, पुन्हा अर्ज वाचला. म्हणाले, कागदावर सोने नाही आणि अंगावर एवढे, हे कसे? हे तुमचे आहे का, बाई? मुलीने आईकडे पाहिले. मी मनात म्हणत होतो, बाई, काहीही बोल, खोटे आहे म्हण, पॉलिशचे आहे म्हण. रंजनाबाईने पदर सारखा केला आणि म्हणाली, अंगावर हाय तवर माजाच हाय. मॅडमनी पेन खाली ठेवले. म्हणाल्या, बाहेर बसा, थोड्या वेळाने सांगतो. ते सांगणे काय असणार, हे कळायला नववीही लागत नाही.

बाहेर व्हरांड्यात मी तिला बोललो, फार बोललो, माझ्या टेबलाची अब्रू काढलीत म्हणालो. तेव्हा मुलगी म्हणाली, काका, सरी नि कुड्या जनीआत्याच्या हायत, माळ धाकट्या काकीची, पाटल्या शेजारच्या मावशीच्या, सकाळी सगळ्या घरी आल्या नि त्यांनी आईला घातल्या. रंजनाबाई तिच्यावर डाफरली, गप ऱ्हा. मग मला म्हणाली, देनारी बोलत न्हाय नि घालनारीन बोलाचा नस्ता, दादा. त्या बायांनी मना भरल्या अंगान पाटवली, नि मी तितं सांगू का, का ही उसनी हाय? आनि तुमी आत जाऊन तोंड उगरलाव तर तो अर्ज मी फारून टाकीन.

माझ्याकडे वाक्य तयार होते. एका वाक्यात काम झाले असते. आत दोघे निर्णय लिहीत होते, दार चार पावलांवर होते, आणि ही बाई मला माझेच हत्यार उचलू देत नव्हती. मी मुलीकडून जनीबाईचा नंबर घेतला, फाटकापर्यंत गेलो आणि फोन लावला. एवढेच म्हटले, की रंजनाबाईंना इथून दुसरीकडे जायचे आहे, इतके सोने घेऊन फिरणे बरे नाही, तुम्ही सगळ्यांनी येऊन आपापली वस्तू घेऊन जा, लवकर या. आयुष्यातला हा एकच अर्ज मी कागदाशिवाय केला.

थळ तिथून लांब नाही, पण त्या दिवशी मला ते मुंबईइतके लांब वाटले. शिपाई दोनदा आत जाऊन आला. मग एक सहा आसनी रिक्षा फाटकाशी थांबली आणि तिघी उतरल्या, मासळीच्या पाट्यांसकट. पहारेकरी म्हणाला, इथे मासळी विकायला मनाई आहे. जनीबाई म्हणाली, तुला कोन इकतंय, मेल्या, आमी आमची वस्तू न्यायला आलाव. रंजनाबाईने त्यांना पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि काय ते तिला समजले. ती उठली. समितीच्या खोलीच्या खिडकीसमोर, फाटकाजवळच्या बदामाखाली तिने सरी काढून जनीबाईच्या हातावर ठेवली. मग माळ. मग कुड्या. पाटल्या घट्ट बसल्या होत्या, त्या निघेनात, तर शेजारणीने पाटीतले बर्फाचे पाणी तिच्या मनगटावर चोळले. जनीबाई म्हणाली, रंजे, एवढा येल लावलास, परीक्षा पोरीची हाय का तुजी? तिघी हसल्या. रंजनाबाई हसली नाही. शेवटी तिच्या गळ्यात काळ्या पोतीचा दोरा राहिला. व्हरांड्यात मॅडम उभ्या होत्या, त्यांच्या मागे शेठ, दोघेही बघत होते.

आत बोलावले तेव्हा शेठनी मला विचारले, हे अर्जात का लिहिले नाही? मी म्हटले, साहेब, ते लिहिण्यासारखे नव्हते. निम्मी फी माफ झाली, उरलेली हप्त्यांनी, आणि दहावीच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा भेट.

परतताना रंजनाबाई रिक्षात माझ्याशी बोलली नाही. पुढे बरेच दिवस आमच्याकडे मासळीही आली नाही. मंडळी विचारीत, काय केलेत तुम्ही तिला? मी म्हणे, काम केले. एक दिवस मागच्या दारी बोंबलांची पाटी आपटल्याचा आवाज आला आणि आतून दोघींचे बोलणे ऐकू आले; काय बोलल्या ते मी ऐकले नाही.

यंदा सानिका दहावीला आहे. परवाच समितीपुढची भेट झाली. रंजनाबाई रिक्षा थांब्यावर आली ती पुन्हा भरल्या अंगाने, आणि या खेपेस मी काढा म्हटले नाही, अर्जातही सोन्याविषयी ओळ घातली नव्हती. ती शेजारी बसली तेव्हा तिच्या हातांकडे माझे लक्ष गेले. सरी तीच, माळ तीच, पण पाटल्या कोळीवाड्यातल्या नव्हत्या. कडेला भाताच्या लोंब्या होत्या. मी रस्त्याकडे बघितले.

समितीचा निकाल अजून यायचा आहे. देव त्या मुलीचे भले करो. त्या दिवशी घरी जेवायला बसलो, मंडळी वाढत होत्या, हातांत नुसत्या काचेच्या बांगड्या. भात वाढताना त्या वाजल्या. मी काही विचारले नाही, आणि त्यांनीही सांगितले नाही.