गेटवरच्या मावशी

ड्यूटी संपवून नर्सबाई बसच्या रांगेत उभ्या राहिल्या. पुढे आर्किटेक्चर कॉलेजचे एक सर होते आणि त्यांची विद्यार्थिनी. सरांचा आवाज चढलेला होता.

“सकाळपासून चार इमारती दाखवल्या. निम्मा वर्ग फोटो काढत होता, आणि तू या शेवटच्या इमारतीत गेटवर पहारा करणाऱ्या मावशींशी गप्पा मारत बसलीस.”

“गप्पा नाही, सर. त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत.”

“त्याचा आपल्या विषयाशी काय संबंध?”

“त्यांच्यासाठी खाली बाथरूम नाही. रस्ता ओलांडून पेट्रोल पंपावर जावं लागतं. म्हणून पीत नाहीत.”

“अगं, मी उजेड, वारा, दर्शनी भाग समजावत होतो. रिपोर्टमध्ये ते लिही.”

“हे लिहिलं तर नापास कराल?”

“डोकं नको खाऊस.”

“पण सर, एवढी मोठी लॉबी काढणाऱ्याला एक बाथरूम सुचू नये? कोणी काढला असेल हा प्लॅन?”

“मी.”

सरांनी मागे वळून त्या इमारतीकडे पाहिलं.

“बारा वर्षं झाली त्याला.”

“सॉरी, सर.”

“सॉरी राहू दे. टेप आहे ना बॅगेत?”

“आहे.”

“मग चल परत. जिन्याखाली जागा निघते का, मोजून बघू.”

बस आली तेव्हा नर्सबाईंच्या पुढे कोणीच नव्हतं.