सोनाकाकूंचे चार दात

आमच्या शेजारच्या सोनाकाकूंचं ऐका. गेल्या दुष्काळात कवळी करायला मी त्यांना धाराशिवला घेऊन गेले होते. डॉक्टर म्हणाले, "आधी उरलेले चार दात काढावे लागतील."

"थांबा की! तुमची कवळी कुणाला बसवलीय, ते दावा आधी," काकू म्हणाल्या.

डॉक्टरांनी बाकावरच्या आजोबांकडं बोट केलं. काकूंनी पिशवीतली रेशनच्या लाल ज्वारीची वाळकी भाकरी त्यांच्यापुढं धरली. "खाऊन दावा बरं."

"खायचं व्हय? मग थांबा," म्हणत आजोबांनी कवळी काढून खिशात ठेवली आणि हिरड्यांनीच भाकरी चघळायला लागले.

"मग ती कशाला हो?"

"सोयरिकीला जाताना लागती."

काकू उठल्याच.

परवा माझ्या ओट्यावर बसून त्याच चार दातांनी त्यांनी ऊस सोलला.