डॉक्टरीणबाई निवडून आल्या आणि पूल बंद झाला

नाही, मी म्हणतो, गायीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून अडलेलं वासरू ओढणाऱ्या बाईला उचलून देशाची राष्ट्राध्यक्ष करायची या लोकांना गरज काय पडली होती? बरं चाललं होतं की आमचं. एकोणीस वर्षं! सकाळी सातला मी जनावरांच्या दवाखान्याची हिरवी व्हॅन काढायची, डॉक्टरीणबाईंना, म्हणजे अग्लाया बोस्तानबाईंना, घरासमोरून घ्यायचं आणि निस्त्रू नदीच्या या काठावरची बारा गावं पालथी घालायची. बाई पुढच्या सीटवर, रबरी बूट मांडीवर, कारण गाडीत शेण पडलं तर मी दिवसभर बोलत नाही हे त्यांना ठाऊक. आणि आता तुम्ही मंडळी येता आणि विचारता, पांतेलेईकाका, तुम्हाला आधीपासून वाटायचं का हो, की या एक दिवस राष्ट्राध्यक्ष होतील? अहो, मला वाटायचं, या एक दिवस रिटायर होतील. मी आपला ड्रायव्हर माणूस.

तुम्हाला सांगतो, सगळं सुरू झालं ते गॅस बंद झाला त्या हिवाळ्यात. पूर्वेकडच्या त्या मोठ्या शेजाऱ्यानं तोटी पिळली आणि इकडे चुली थंड. त्याची लढाई चाललेली आमच्या शेजारच्या दुसऱ्याच देशात, वारा फिरला की आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. आणि आमची नदी ही अशी... पलीकडचा काठ नकाशात आमचा, पण पुलाच्या त्या टोकाला झेंडा वेगळा, शिपाई वेगळे आणि मागे छावणीत त्या शेजाऱ्याचेच सैनिक. अशा दिवसांत राजधानीतून एक मंत्री आला. अंगात फरचा कोट. सांस्कृतिक भवनात उभा राहून म्हणतो कसा, "बंधूभगिनींनो, टंचाई तात्पुरती आहे, परिस्थिती पूर्णपणे आटोक्यात आहे." लोक बिचारे टोप्या घालून ऐकताहेत. तेवढ्यात आमच्या बाई उठल्या. गोठ्यातून तशाच आलेल्या, बाही कोपरापर्यंत भिजलेली. आवाज न चढवता म्हणाल्या, "साहेब, थंडी आहे हे आम्हाला कळतंय. ती किती दिवस राहणार ते तुम्हाला माहीत नाही. मग माहीत नाही एवढंच सांगा, म्हणजे आम्ही आजच लाकडं तोडायला लागू."

बस, एवढंच. मंत्री पाणी प्यायला लागला. कुणीतरी ते मोबाइलवर टिपलं, आणि आठ दिवसांत साऱ्या देशानं पाहिलं. लाकडं मात्र आम्ही खरंच तोडली. बाईंनी बारा गावांच्या याद्या केल्या, म्हातारी माणसं आधी, आणि ती लाकडं वाहिली कुणी? हिरव्या व्हॅननं. माझ्या सीटांची साल निघाली ती तेव्हा.

मग लोक म्हणायला लागले, उभ्या राहा. सह्या गोळा झाल्या. एकदा फाट्यावर बाईंनी मला गाडी थांबवायला लावली. म्हणाल्या, "पांतेलेई, उभी राहू का मी?" आता मी काय सांगणार? मी आपला ड्रायव्हर माणूस. म्हटलं, "बाई, मागचे ब्रेक लागत नाहीयेत, आधी ते बघू." याला कुणी होकार म्हणेल? त्यांनी म्हटलं! टीव्हीवर सांगितलंनीत सुद्धा, की माझ्या ड्रायव्हरनं नको म्हटलं नाही.

पाच महिने प्रचार केला. समोर कोण, तर माजी पंतप्रधान, दहा काळ्या गाड्या, पांढरे दात. आमच्याकडे मी आणि व्हॅन. गावात पोचलो की भाषणाच्या आधी लोक दोन मेंढ्या आणि एक लंगडी गाय उभी करायचे. बाई आधी गाय बघायच्या, मग बोलायच्या. मी कितीदा म्हटलं, बाई, गायीला मत नसतं. तिकडे पूर्वेकडच्या वाहिन्यांवर रोज एक जण बसून सांगायचा, ही गुरांची डॉक्टर निवडून आली तर देशात रणगाडे येतील, पूल बंद होतील, आम्ही गप्प बसणार नाही. रोज! जेवताना ऐकायचं आणि झोपायला जायचं.

एका गावात एक बाई पुढे आली. हातात पिशवी, पिशवीत पाव. म्हणाली, माझा मुलगा फौजेत आहे, लढाई होणार का, एवढंच सांगा. माजी पंतप्रधान असता तर म्हणाला असता, माताजी, मी आहे ना! आमच्या बाई म्हणाल्या, "मला माहीत नाही. होऊ नये म्हणून रोज झटेन. आणि झाली, तर मी पळून जाणार नाही." मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मला माहीत नाही म्हणणाऱ्याला कोण मत देतं हो? पण ती पिशवीवाली पुढे आली, बाईंचा हात धरला आणि तशीच उभी राहिली. कितीतरी वेळ. मला दुसऱ्या गावाला उशीर होत होता, पण मी हॉर्न वाजवला नाही.

आता माझं दुखणं ऐका. माझी थोरली बहीण दोकिया नदीपलीकडे राहते. लग्न होऊन गेली तेव्हा नदी ही नुसती नदी होती. तिचा नवरा गाव्रिल तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूनं पडला, वाचा गेली, ताई भरवते तेव्हा जेवतो. मतदान आमच्या देशाचं, तिच्याकडे आमचा पासपोर्ट, म्हणून मतदानाच्या आदल्या दिवशी ती पूल ओलांडून माझ्याकडे आली. दोन दिवसांसाठी शेजारच्या वार्वाराला गाव्रिलकडे बघायला सांगून. आल्या आल्या कोट काढायच्या आधी म्हणते, "पांत्या, स्पष्ट सांगते, तुझ्या त्या गुरांच्या डॉक्टरणीला मी मत देणार नाही. ती यायची आणि आमच्या डोक्यावर बॉम्ब पडायचे. तुम्ही अलीकडचे लोक शूर, मरायचं आम्ही."

खोटं होतं का तिचं? सकाळी मी माझ्या हातानं तिला व्हॅनमध्ये बसवलं, ज्या व्हॅनवर बाईंचा फोटो चिकटवलेला, आणि शाळेत नेऊन सोडलं, बाईंच्या विरोधात मत द्यायला. वर तिचा हात धरून पायऱ्या चढवल्या. मी मत दिलं बाईंना. पण शिक्का मारताना ताईचं वाक्य कानात होतं, हे कुणाला सांगू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला निकाल. बाई निवडून आल्या. साऱ्या देशात मिळून चार हजार एकशे मतांनी! लोक रस्त्यावर, चर्चची घंटा, शेजारी वाइनचा घडा घेऊन दारात. ताई माझ्या स्वयंपाकघरात प्लाचिंता, म्हणजे आमची कोबी भरलेली पोळी, खात बसलेली, म्हणाली, झालं तुमच्या मनासारखं, आता मला पुलावर सोड, गाव्रिलची जेवायची वेळ होते. आणि दहा वाजता रेडिओवर सांगितलं, पलीकडच्यांनी पूल बंद केला. बेमुदत.

तुम्हाला सांगतो, ताईनं हातातला घास खाली ठेवला. ओरडली नाही, रडली नाही. नुसतं म्हणाली, "वार्वाराला दोन दिवसांसाठीच किल्ली दिलीय रे." किल्लीचं काय घेऊन बसलीस, असं मी म्हणणार होतो, नाही म्हटलं. तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, की हे माझ्याही मतानं झालं. चार हजार एकशेमधलं एक माझं.

पुलाच्या या टोकाला ताईसारखे चारशे लोक अडकलेले. कुणाचं दुकान पलीकडे, कुणाची आई. शाळेत गाद्या घातल्या. चार दिवस झाले, ताई रोज सकाळी पुलापर्यंत जायची आणि फाटकाकडे बघून परत यायची. वार्वाराला फोन कधी लागायचा, कधी नाही. लागला तर एकच, गाव्रिल धड खात नाही. मग मी ठरवलं. एकोणीस वर्षं गाडी चालवली, कधी काही मागितलं का? लावला फोन. म्हटलं, बाई, मी आपला ड्रायव्हर माणूस, पण एक बहीण आहे मला, तिला तेवढं सोडवा.

बाई म्हणाल्या, "पांतेलेई, शपथ व्हायचीय माझी अजून. तरी एका माणसासाठी शब्द टाकला तर ते सोडतील. लगेच सोडतील. आणि उद्या टीव्हीवर दाखवतील, की हिनं आपल्या ड्रायव्हरच्या बहिणीला सोडवलं आणि बाकीच्यांना ठेवलं. मग त्या तीनशे नव्व्याण्णव लोकांचं कुणी ऐकणार नाही. मी सगळ्यांसाठी मागणार. तुमच्या ताईंना थांबावं लागेल." मी फोन ठेवून दिला. निरोपही न घेता. राष्ट्राध्यक्षांचा फोन! घरात भिंतीशी बोलत बसलो, की हीच का ती, जिच्यासाठी मी पाच महिने...

पाचव्या दिवशी बाई पुलावर आल्या. कॅमेरे नाहीत, दोनच माणसं बरोबर, पायात तेच रबरी बूट. बर्फाचा चिखल झालेला. फाटकापाशी जाऊन त्या उभ्या राहिल्या. पलीकडचा अधिकारी आला, हुकूम नाही म्हणाला, गेला. बाई उभ्याच. सहा तास! चारशे लोक मागे. कुणी चहा दिला, प्यायल्या. ताईनं लांबून बघितलं आणि मला म्हणाली, हिला घरी कुणी नाही का? मी म्हटलं, नाही, नवरा गेला तिचा. ताई म्हणाली, तरीच. आणि आपली शाल माझ्या हातात देऊन म्हणाली, जा, दे तिला, मी देणार नाही. मी दिली. बाईंशी बोललो नाही, रागावलो होतो ना! पण शाल दिली.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग पलीकडून कुणी बोलायला आलं, मग राजधानीत बोलणी, मग परदेशातले दोन वकील... अकराव्या दिवशी फाटक दोन तासांसाठी उघडलं. फक्त पायी, फक्त पलीकडे जाणाऱ्यांना. चारशेच्या चारशे गेले. बाई फाटकापाशी, एकेकाला नाव विचारून सोडत होत्या.

ताईची पाळी आली. थांबली ती. म्हणाली, "बाई, मी तुला मत दिलं नव्हतं. पुढच्या वेळीही देणार नाही."

बाई म्हणाल्या, "नका देऊ. पण मत द्यायला या."

ताईनं मान हलवली आणि गेली. मागे वळून बघितलं नाही. मी तिची पिशवी फाटकापर्यंत नेली, पुढे मला सोडेनात.

सुखरूप पोचली, सगळं गोड झालं, असं सांगायला हवं ना आता? तसं नाही हो. तिकडे टीव्हीवर अकरा दिवस सांगत होते, मतदानाला गेलेले विकले गेले, ते परत यायचे नाहीत. गाव्रिल बोलू शकत नाही, पण ऐकू येतं ना माणसाला! त्याला वाटलं, दोकिया आपल्याला टाकून गेली. ताई घरात शिरली, तर त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. तीन दिवस तिच्या हातचा घास घेतला नाही त्यानं. चमचा पुढे केला की ओठ घट्ट. ताई फोनवर सांगत होती आणि मला या काठावरून काही करता येत नव्हतं. चौथ्या दिवशी मामालिगाचा, मक्याच्या घट्ट लापशीचा, एक घास घेतला. मग दुसरा. मग तिच्या मनगटाला धरून झोपला, म्हणे.

आता बाईंना नवे ड्रायव्हर आहेत, काळे चष्मे लावतात, बूट मांडीवर घ्यायला सांगत नाहीत. बाईंनी मला राजधानीत बोलावलं होतं, मी गेलो नाही. राग गेलाय, पण जरा राहू दे म्हटलं. पूल आठवड्यातून तीन दिवस उघडा असतो. उद्याचं काय, ते बाईंनाही माहीत नाही आणि त्या तसं सांगतातही.

आणि परवा ताईचा फोन. म्हणते, "पांत्या, पुढच्या निवडणुकीला पुलावर घ्यायला येशील ना? तिच्या विरोधात मत द्यायचंय मला. तिनंच बोलावलंय." आता एकीकडे सख्खी बहीण, दुसरीकडे साक्षात राष्ट्राध्यक्ष... मी म्हटलं, येतो, पण बूट काढून मांडीवर घेऊन बस.