थप्पड उशिरा वाजते

काका: मी बाहुलीच्या हाताने थप्पड मारतो. विदूषक पडतो. उठून उभासुद्धा राहतो. आणि मग कुठे लॅपटॉपमधून फाडकन आवाज येतो. मागच्या खेळात तो आवाज आला तेव्हा माझ्या हातात भूमिदेव होता. देवाच्याच मुस्काटात बसली, पेइ.

मी: बघणारे काय म्हणाले, बून-ही काका?

बाबा: बघणारे कुठले? दोन कुत्री आणि एक सॉसेजवाला. खेळ देवासाठी असतो, त्याने बघितलं म्हणजे झालं.

काका: त्यानेच तर खाल्ली ना, दादा.

मी: बाबा, लॅपटॉप सुरुवातीपासूनच मागे पडतो की नंतर?

बाबा: बिघडलाय तो बिघडलाय. आधी काय आणि नंतर काय?

मी: कुठे अडतंय ते कळलं तर तेवढंच बदलता येईल. उद्याच्या बिदागीत बसव, असं तुम्हीच फोनवर म्हणालात.

बाबा: मग ऐक. सुरू व्हायलाच रडतो. मी बाहुल्यांना कपडे घालतो, देवाला उदबत्ती लावतो, लघवीला जाऊन येतो, तरी पडद्यावर ते चक्र फिरतच असतं. एकदा उठला की पहिला अंक नीट. लढाईला तोंड लागलं की ढेपाळतो.

मी: मग दोन वेगळी दुखणी आहेत. उठायला वेळ लागतो तो जुन्या डिस्कमुळे. आत तबकडी फिरते आणि सुई आवाज शोधत हिंडते. आणि लढाईपर्यंत तो तापत असणार. फार तापला की जळू नये म्हणून आपणच हळू होतो.

बाबा: शहाणा आहे की. घसा बसला की मीही तेच करतो.

काका: माझा मेहुणा म्हणतो, रॅम वाढवा.

मी: रॅम पुरेशी आहे, बघितली मी. नुसते आवाज वाजवायला जास्त लागत नाही.

काका: मेहुण्याला कळवतो. तो कोंबड्या विकतो म्हणा.

बाबा: बाजूला हो, झाकण मी काढतो. पस्तीस वर्षं बाहुल्यांची मुंडकी काढतोय... अगं, हे काय? आत गोधडी घातली होती का कुणी?

मी: पंख्यावर थर बसलाय. हवा बाहेर पडायला जागाच नव्हती. पण ही साधी धूळ नाही, बाबा. चिकटतेय बोटाला.

बाबा: दे इकडे.

काका: दादा, नाकाला कशाला लावताय ते?

बाबा: चंदन. उदबत्तीचा धूर आहे हा, पेइ. वरचा काळा पापुद्रा फटाक्यांचा. आणि त्याच्या खालचा हा मऊ, तो माझू देवीच्या देवळातला.

मी: वासावरून देऊळ कळतं तुम्हाला?

बाबा: देवळाचं नाव नाही कळत, देव कळतो. समुद्राच्या देवीला लोक चांगली उदबत्ती लावतात, पोरं बोटीवर असतात ना त्यांची. भूमिदेवाकडे स्वस्तातली, घशाला खवखवते. एवढी वर्षं हा माझ्याशेजारी बसून देवांच्या वाटचं खातोय, आणि मी म्हणतोय आळशी झाला.

काका: म्हणजे याला पुण्य लागलंय. पुसू नका.

मी: पुण्य राहू दे, थर काढू. काका, चेहरे रंगवायचा एखादा जुना, मऊ ब्रश आहे?

काका: हा घे. राणीच्या भुवया काढायचा आहे, जपून.

बाबा: ही पांढरी पेस्ट कशाला?

मी: जुनी सुकून खडू झाली आहे. या चिपची उष्णता तिच्यातूनच बाहेर जाते. आणि ही नवी डिस्क. अंदाजाने येतानाच आणली, लहानच, तुमचं सगळं मावेल एवढी.

बाबा: काडेपेटीएवढी तर आहे. फिरतं काय यात?

मी: काहीच नाही.

बाबा: मग आवाज सापडतो कसा?

मी: हिंडावं लागत नाही. जो हवा तो थेट उचलता येतो.

बाबा: समजलं. जुनी डिस्क म्हणजे पेटी. सेनापती पाहिजे तर आधी दोन राक्षस आणि एक सासू बाहेर काढायची. ही म्हणजे मंचामागची आपली दोरी. सगळे उलटे टांगलेले, न बघता हात घातला की सेनापती.

मी: ताइपेइत ऑफिसात मला असं सोपं करून सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. जुन्या फायली गाळू का? जागा उरेल.

बाबा: एकही नाही. घसा पुरा खेळ धरत नाही म्हणून तर रेकॉर्ड करून ठेवलं सगळं. उद्या राणीसुद्धा त्यातूनच बोलणार आहे.

काका: कॉपी होतंय तोवर पेरू खा, पोरी. तिखटमीठ नाही, आलुबुखाऱ्याची पूड आहे.

मी: एक फाईल येत नाही, बाबा. जुनी डिस्क तिथे खराब झाली आहे. परत परत लावून बघितली.

बाबा: कुठली?

मी: ‘म्हातारा सेनापती’. शेवटच्या अंकातलं लेकीचं उत्तर.

काका: डिस्कला कान आहेत म्हणायचे. दादांच्या आवाजातली ती लेक बोलली की हुंदका यायच्या जागी लोक फिस्सकन हसतात.

बाबा: तू हसतोस, लोक नाही. पेइ, तू बोल ते. बाप लढाईला निघालाय, परत यायचा नाही हे दोघांनाही ठाऊक आहे. तो म्हणतो, निघतो. ती म्हणते, निश्चिंत जा बाबा, घर मी सांभाळते. एवढंच.

मी: मला नाही जमणार.

बाबा: का?

मी: मी दिवसभर दुसऱ्यांची पुस्तकं तपासते. जिथे बोलावं लागत नाही अशीच नोकरी शोधली मी.

बाबा: बोलावं लागत नाही, की बोलता येत नाही? भांडत नाहीये, खरंच विचारतोय. लहानपणी पडद्यामागे बसून ओठ हलवायचीस तू. सगळे संवाद पाठ. आवाज मात्र कधी काढला नाहीस. मला नेहमी वाटायचं, ही आतल्या आत कुणाच्या आवाजात बोलते?

मी: तुमच्या.

बाबा: हे माहीत नव्हतं मला.

मी: आज तुम्हीच रेकॉर्ड करा ना, बाबा.

बाबा: आज घसा बसलाय.

मी: मग सकाळी बघू.

बाबा: सकाळी. बून-ही, थप्पड मारून दाखव. पेइ, कळ दाब.

काका: ही घ्या.

बाबा: बरोबर गालावर. परत मार.

काका: विदूषकाला तरी विचारा.

बाबा: परत.

(बाबा त्याच पहाटे झोपेत गेले. दुसऱ्या दिवशीचा खेळ झाला नाही. आमच्या रीतीने वर्षभर सुतक होतं, ते फिटल्यावर त्याच देवळाने पुन्हा बोलावलं. मंचामागे बून-ही काका आणि मी.)

काका: इतक्यात सुरू झाला? मी अजून राणीला झगा घालतोय.

मी: झाला.

काका: वर्षभर बंद होता. मला वाटलं, रुसून बसला असेल.

मी: पंख्याचा आवाजसुद्धा येत नाही. कान लावून बघा.

काका: नको. तू म्हणतेस ना, झालं. बाहेर दोन म्हाताऱ्या येऊन बसल्यात. पोरी, शेवटच्या अंकात लेकीच्या उत्तराची जागा रिकामी आहे, तिचं काय करायचं?

मी: ढोल लावते. लेक नुसती मान हलवेल, ढोल वाजेल, सेनापती निघेल.

काका: सेनापती माझ्या उजव्या हातात, लेक डाव्या. कळ तुझ्या हातात. तू दाबल्याशिवाय तो जायचा नाही, एवढं ध्यानात ठेव.

मी: हो.

काका: आणि पेइ, दादांचा आवाज वर्षाने ऐकणार मी. मध्येच एखादी चाल चुकली तर बोलू नकोस.

मी: मी कधी बोलते, काका?

बाबांचा आवाज: लेकी, घोडा दारात उभा आहे. कवचाचा हा बंद तेवढा आवळून दे. घरात तांदूळ भरून ठेवलाय, विहिरीचा दोर बदललाय. निघतो मी.

काका: ढोल.

(कळीवरचं बोट मी उचलून घेतलं.)

काका: पेइ, ढोल. लॅपटॉप अडकला का परत?

मी: नाही. तो नाही अडकला.

काका: मग दाब ना. किती वेळ उभा धरू याला? म्हाताऱ्या बघतायत.

मी: काका, लेकीला जरा पुढे आणा. त्याच्याजवळ.

काका: आणली. आता?

मी: बाबा, घाई काय आहे? बसा थोडं. मला तुम्ही अजून हवे होतात.