दहा पुरे होते

(लुइझियानातलं एक लहान गाव. म्हाताऱ्या मिस ओडिलच्या घराचा ओटा. सोमवारची दुपार.)

वर्लीन : नाही, बसत नाही. काम सांगते आणि निघते.

ओडिल : तुझे गुडघे तरणे असतील, पोरी, माझे कान म्हातारे झालेत. बस. आज सोमवार, घरोघरी असतो तसा राजमा चढवलाय. मीठ बघायला कुणीतरी हवंच होतं.

वर्लीन : तुमच्या घरचा घास आम्ही खात नाही, मिस ओडिल.

ओडिल : माहितीये. चर्चमध्ये तुझी आई माझ्या शेजारून उठून पलीकडच्या बाकावर गेली, ते अख्ख्या गावानं पाहिलं. बोल.

वर्लीन : माझ्या भावाचा, अल्सीडचा अर्ज माफी मंडळापुढे येतोय. बारांतले दहा ज्युरी 'दोषी' म्हणाले की जन्मठेप, तो कायदा आता गेला. बाराही जणांचं एकमत लागतं. पण नव्या खटल्यांना. जुने आत, ते आतच.

ओडिल : म्हणजे पाप झालं हे कबूल, फक्त माणूस परत द्यायचा नाही. आणि तो कायदा केला कशाला होता? आपल्या काळ्यांतला एखादा ज्युरीत शिरलाच, तर त्याच्या मताची अडचण नको म्हणून.

वर्लीन : वकीलबाई म्हणतात, तेव्हाचा एखादा ज्युरी येऊन बोलला तर फरक पडेल. गोरे एकतर मेलेत, नाहीतर दार उघडत नाहीत. म्हणून तुमच्या दारात आले. त्या दहांतल्या एकीनं 'चुकलं' म्हणावं, एवढंच.

ओडिल : ते मला म्हणता यायचं नाही.

वर्लीन : वाटलंच! बारांत आपली अशी तुम्ही एकट्याच. खटलाभर माझा भाऊ फक्त तुमच्याकडे बघत होता, आणि निकाल वाचताना तुम्ही मान खाली घातलीत.

ओडिल : म्हणता यायचं नाही, कारण मी त्या दहांत नव्हतेच.

वर्लीन : काय?

ओडिल : दोघं 'नाही' म्हणालो. मी आणि एक गोरा कोळी. साक्षीदार म्हणत होता, खून झाला त्या रात्री दुकानातून काळा पोरगा पळताना दिसला. मी विचारलं, कुठला काळा पोरगा? अंधारात चेहरा दिसला का? मी बोलत होते, तेवढ्यात दहावा हात वर झाला. 'दहा झाले,' ज्युरीचा प्रमुख म्हणाला. मी बोलतेच आहे आणि लोक कोट घालताहेत, टोप्या शोधताहेत. अजून चुलीपाशी एकटीच बडबडत असले की तो कोट घालायचा आवाज येतो, बघ. मी बोलायची थांबते.

वर्लीन : आणि हे आज सांगताय? माझी आई मरेपर्यंत तुमचं तोंड बघत नव्हती!

ओडिल : तुझ्या आईला मी त्याच आठवड्यात सांगितलं होतं.

वर्लीन : खोटं.

ओडिल : तुमच्या परसात. चादरी वाळत घालत होती. म्हणाली, "ओडिल, पोरगा जेवत नव्हता. आता तुझ्यावर इतका चिडलाय, की जेवायला लागलाय. त्या बाकीच्यांना तो ओळखत नाही. राग धरायला त्याला ओळखीचं माणूस लागतं. राहू दे तेवढा राग त्याच्यापाशी." आणि पुढच्या रविवारी बाक बदलला. नाटक छान करायची एर्नेस्टीन.

वर्लीन : तुम्ही 'हो' म्हणालात?

ओडिल : तिनं चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं. मी धरलं.

वर्लीन : मी... मी भररस्त्यात तुमच्या अंगावर थुंकले होते.

ओडिल : नेम काही खास नव्हता.

वर्लीन : मंडळापुढे सांगाल हे?

ओडिल : सांगेन. पण त्याच्या आधी त्याला कळू दे. तुरुंगाच्या शेतात राबताना ज्या रागावर तो जगला, तो परक्या माणसांसमोर ओढून काढायचा नाही. विचारायला एर्नेस्टीन नाही आता. तू सांग, झेपेल त्याला?

वर्लीन : नाही सांगता येत. गेल्या भेटीत पहिला प्रश्न तुमचाच होता. अजून जिवंत आहे का, म्हणून.

ओडिल : चला, चौकशी करणारं कुणीतरी आहे.

वर्लीन : हसवू नका हो. शनिवारी मी जाणार आहे. याल?

ओडिल : येईन. पण कुणाला भेटायचं ते त्याच्या मर्जीवर असतं ना?

वर्लीन : हो. संध्याकाळी त्याचा फोन येईल, तेव्हा विचारते. कोण येतंय म्हणून सांगू?

ओडिल : तो मला काय म्हणतो?

वर्लीन : नाव घेत नाही. 'ती बाई' म्हणतो.

ओडिल : मग तसंच सांग. म्हणावं, ती बाई भेट मागतेय.