जीपच्या मागचे बाबा

जीपला मागचा कॅमेरा बसवला, आता सुटलास, असं कृपा करून कोणी म्हणू नका.

आमचे बाबा ऐंशीचे, निवृत्त संस्कृत शिक्षक. बनारसच्या आमच्या गल्लीत मी जीप मागे घ्यायला लागलो की ते मागे उभे राहून ओरडणार, "येऊ दे, येऊ दे!" गेल्या महिन्यात तिथेच पाय घसरून पडले. मला काहीच दिसलं नाही. शेजारचे पंडितजी बॉनेटवर हात आपटत ओरडले, "रोको, बाबूजी गिर गए!" चाक हातभर अंतरावर थांबलं.

मग आठवडाभर ऑफिस सुटलं की दुकानं पालथी घातली. चांगले कॅमेरे परवडेनात, आणि स्वस्तातले, कामासाठी जीप न्यावी लागते त्या मिर्झापूरच्या डोंगरातल्या धुळीत टिकतील की नाही, कोण जाणे. शेवटी एक दुकानदारच कंटाळला. "भइया, आखिर देखना क्या है?"

म्हटलं, "पिताजी."

त्याने एक बेताच्या किमतीचा काढून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिव्हर्स टाकला, तर पडद्यावर बाबा.

"बाबा, बाजूला व्हा. आता कॅमेरा आहे."

ते खिडकीशी आले, पडद्याकडे वाकून बघितलं. "यात मी दिसतो?"

"स्पष्ट दिसता."

"मग आता भीती कसली?" म्हणाले, आणि पुन्हा मागे जाऊन उभे राहिले.